मराठा सुतार: एका पाखराच्या नावाची गोष्ट

बाभळीच्या फांदीवर टकटक करणारा सुतारपक्षी तुम्ही पाहिला असेल. त्याच्या एका लहान जातीच्या नावात आपला मुलूख आहे. तिचं नाव मराठा सुतार. लांबी जेमतेम १८ सेंटिमीटर, अंग काळंपांढरं, कपाळ पिवळं, पोटावर लाल डाग. नराच्या डोक्यामागे लाल पट्टा असतो, मादीला नसतो.

१८०१ साली जॉन लॅथम या इंग्रज डॉक्टरांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं, पिकस महरॅटेन्सिस. म्हणजे मराठ्यांच्या मुलखातला सुतार. तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव पेशवा होता. शास्त्रीय नाव मतदार यादीसारखं असतं, आधी आडनाव, मग नाव. पिकस हे त्या काळी बहुतेक सगळ्या सुतारांचं आडनाव.

पुढे अभ्यासकांनी या मोठ्या कुळाच्या वाटण्या केल्या. १८५४ साली नेपोलियनचा पुतण्या शार्ल बोनापार्त याने लायोपिकस हे आडनाव काढलं. तरी नंतर कित्येक वर्षं पुस्तकांत आपला सुतार डेन्ड्रोकोपस या घराण्यात, इतर काळ्यापांढऱ्या सुतारांसोबत राहिला. अलीकडे जनुकं तपासली, तेव्हा कळलं की रंग सारखा म्हणून नातं जवळचं असं नाही. मग त्याला पुन्हा लायोपिकस केलं. आज त्या घराण्यात तो एकटाच आहे.

आडनाव बदललं, पण महरॅटेन्सिस राहिलं. जातीला पहिल्यांदा छापून दिलेलं नाव टिकवायचं, असा शास्त्राचा नियमच आहे. आपल्याकडे लग्नात तांदळात नवं नाव लिहितात, तेव्हा आडनावाबरोबर कधी कधी नावही जातं!

लॅथमच्या कितीतरी आधी आपल्या आज्या-पणज्या सरपण गोळा करताना हा पक्षी पाहत होत्या. त्या त्याला काय म्हणायच्या, ते कुणी लिहिलं नाही. आता तशी सोय आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यामुळे गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. शिरोलीत कारखाने वाढले, तरी आसपासच्या गावांत बांध आहेत, बांधावर झाडं आहेत. गटाच्या पुढच्या बैठकीत वयस्कर बायकांना पाखरांची, झाडांची नावं विचारा, लिहून घ्या आणि ग्रामपंचायतीत द्या. सांगणारीचं नावही लिहा.

आणि सरपण तोडताना एखादी वाळकी फांदी झाडावर राहू द्या. मराठा सुतार तिथेच ढोली कोरून घर करतो.