नोझाकी बेटावरील रिकामे चर्च

वसईच्या किल्ल्यात ज्यांनी फेरफटका मारला असेल, त्या वाचकांना छप्पर हरपलेली चर्चे परिचित आहेत. १७३९ साली किल्ला मराठ्यांच्या हाती आला आणि कालांतराने तेथील वेदींवरचे दिवे मालवले. त्या भग्न कमानींखाली उभे राहिले की एक प्रश्न मनात येतोच. वास्तू ओस पडली, तेव्हा तेथील श्रद्धेचे काय झाले? या प्रश्नाच्या संदर्भात जपानमधील एका निर्जन बेटावरील चर्चची कथा आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो. ती आपल्याला सर्वस्वी परकी नाही. तिचा एक धागा वसईपर्यंत येऊन पोहोचतो.

हा धागा म्हणजे संत गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मलेले, येशूसंघीयांच्या छायेत वाढलेले गोन्सालो तरुणपणी जपानला गेले, तेथील भाषा शिकले, काही काळ व्यापारात रमले आणि पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस ख्रिस्ती जणांना क्रूसावर चढवण्यात आले, त्यांत ते होते. पुढे १६१४ साली तोकुगावा राजवटीने संपूर्ण जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. चर्चे पाडली गेली, धर्मगुरूंना हद्दपार करण्यात आले, मागे राहिलेल्यांना हुडकून ठार मारण्यात आले. सतराव्या शतकाच्या मध्यानंतर त्या देशात उघडपणे मिस्सा अर्पण करणारा एकही धर्मगुरू उरला नाही.

तरीही श्रद्धा उरली. नागासाकीच्या परिसरातील शेतकरी आणि कोळी कुटुंबांनी ती घरात लपवून ठेवली. ते बाहेरून बुद्धमंदिराचे सदस्य असत. आत मात्र करुणेची देवता कान्नोन हिच्या मूर्तीमध्ये पवित्र मरियेला पाहत. गावातील एक वडीलधारा सणवारांचे दिवस मोजून ठेवी. दुसरा ‘मिझुकाता’, म्हणजे पाणी देणारा. तो बालकांना बाप्तिस्मा देई. बाप मुलाला प्रार्थना तोंडी शिकवी. तिच्यातले लॅटिन व पोर्तुगीज शब्द झिजत गेले, पण प्रार्थना थांबली नाही. चर्च नाही, धर्मगुरू नाही, पवित्र ख्रिस्तशरीराचा लाभ नाही. अशा अवस्थेत सात पिढ्या सरल्या.

यांतील पुष्कळ कुटुंबे १७९७ पासून ओमुरा प्रांतातून गोतो द्वीपसमूहाकडे सरकली. त्यांपैकी काही जणांनी एकोणिसाव्या शतकात नोझाकी हे लहानसे, डोंगराळ बेट निवडले. ही निवड विचारपूर्वक केलेली होती. बेटाच्या उत्तरेस शिंतो धर्माचे एक प्राचीन देवस्थान असल्याने सारे बेटच पवित्र मानले जाई आणि तेथे ख्रिस्ती लोक वसतील अशी शंका अधिकाऱ्यांना येण्याचे कारण नव्हते. या कुटुंबांनी त्या देवस्थानाचे भक्त म्हणून नावे नोंदवली आणि मध्यभागी नोकुबी व दक्षिणेस फुनामोरी अशी दोन गावे वसवली. तीव्र उतारावर दगडी बांध घालून त्यांनी शेते तयार केली.

१८६२ साली नववे पायस यांनी त्या सव्वीस हुतात्म्यांना संतपद बहाल केले. त्यांच्याच नावाने नागासाकीच्या ओउरा भागात १८६४ साली परदेशी व्यापाऱ्यांसाठी एक चर्च उभे राहिले. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावचे काही लोक तेथे आले आणि त्यांतील एका स्त्रीने फादर पेतिजाँ यांच्या कानाशी लागून हळूच सांगितले की आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे. मग तिने पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. वसईच्या सुपुत्राचाही मान असलेल्या मंदिरात ही भेट व्हावी, हा योग आम्हांस फार बोलका वाटतो.

ही वार्ता नोझाकीपर्यंत पोहोचली आणि तेथील भाविकांनीही आपला विश्वास प्रकट केला. परंतु बंदी अद्याप उठली नव्हती. त्यांना पकडून हिरादो येथे नेण्यात आले. छळापुढे त्यांनी श्रद्धा सोडल्याचे तोंडाने कबूल केले आणि घरी परतले. त्यांना दुबळे म्हणण्याचा अधिकार आम्हांला आहे काय? संत पेत्रानेही कोंबडा आरवण्यापूर्वी तीनदा नाकारले होते. १८७३ साली बंदीचे फलक उतरवले गेले, तेव्हा हीच माणसे पुन्हा ख्रिस्तसभेत आली.

आरंभी नोकुबीत लाकडी प्रार्थनामंदिर होते. मग तेथील १७ कुटुंबांनी पक्के चर्च बांधायचे ठरवले. किबिनागो नावाची बोटभर चंदेरी मासळी धरून, पोटाला चिमटा घेऊन, दिवसाकाठी दोनच वेळा जेवून त्यांनी पैसा साठवला, असे तेथे सांगतात. १९०८ साली लाल विटांचे चर्च पूर्ण झाले. ते बांधणारे योसुके तेत्सुकावा त्या वेळी तिशीच्या आतले होते. पुढे त्यांनी नागासाकीच्या परिसरात अनेक चर्चे बांधली. स्वतः मात्र अखेरपर्यंत बौद्धच राहिले. ख्रिस्ती गरिबांचा पैसा आणि बौद्ध सुताराचे हात यांतून ते मंदिर उभे राहिले.

जे तलवारीला साधले नाही, ते बदलत्या काळाने केले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये उद्योगधंदे वाढले आणि डोंगर-उतारावरच्या शेतीत तरुणांचे मन रमेना. फुनामोरी १९६६ साली उठले, नोकुबी १९७१ साली. घरे कोसळली, बांधांवर आता हरणे चरतात. चर्च मात्र टिकले. ओजिका नगरपालिकेने ते आपल्याकडे घेऊन १९८० च्या दशकात त्याची डागडुजी केली. २०१८ साली युनेस्कोने नागासाकी परिसरातील गुप्त ख्रिस्ती स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत नोझाकीवरील गावांचे अवशेषही आहेत. आज तेथे प्रवासी येतात, पण रविवारच्या मिस्सेला जमणारा धर्मग्राम नाही.

प्रिय वाचकहो, या इतिहासातील विरोधाभास आम्हांस विचारात पाडतो. बंदीच्या काळात या लोकांना चर्च नव्हते, पण श्रद्धा नांदत होती. चर्च उभे राहिले आणि त्रेसष्ट वर्षांत त्याच्या भोवतीची माणसे निघून गेली. म्हणून ते व्यर्थ ठरले, असे आम्ही मानत नाही. त्या विटा म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मुक्या राहिलेल्या लोकांनी उघडपणे उच्चारलेले ‘आमेन’ होते.

आपली चर्चे आज भरलेली आहेत, सणाला अंगणातही जागा पुरत नाही. परंतु आपली मुलेही शिक्षणासाठी, नोकरीसाठी गाव सोडून दूरदेशी जात आहेत. जाताना त्यांना चर्चची इमारत बरोबर नेता येणार नाही. घरात आईवडिलांच्या तोंडून ऐकलेली प्रार्थना तेवढी त्यांच्यासोबत जाईल. नोझाकीच्या बापांनी ती मुलांना जीव धोक्यात घालून शिकवली. आपल्याला त्यासाठी संध्याकाळची अर्धी घटका काढायची आहे. दूरदर्शनचा संच बंद करून जपमाळ हाती घेण्याइतकेच आपले कष्ट आहेत. तेवढेही आपल्याकडून होणार नसतील, तर किल्ल्यातल्या त्या भग्न कमानींकडे बोट दाखवून इतिहासाला दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.