अंगठ्याकडचं मनगट दुखतंय? पट्टा, इंजेक्शन की ऑपरेशन?

गाडीची चावी फिरवताना, कुकरचं झाकण उघडताना किंवा बाळाला उचलताना अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत सणकन कळ जाते. पुण्यासारख्या दुचाकीच्या शहरात तर अ‍ॅक्सिलरेटर, ब्रेक आणि हॉर्न या सगळ्याचा भार याच भागावर येतो. या दुखण्याचं नाव आहे डी क्वेर्व्हेन टेनोसायनोव्हायटिस. फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन या स्विस सर्जनने 1895 मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणजे मोबाईल यायच्या कितीतरी आधी. त्यामुळे सगळा दोष फोनवर ढकलता येत नाही.

नेमकं होतं काय? अंगठा हलवणारे दोन टेंडन मनगटाजवळ एका अरुंद बोगद्यातून जातात. बोगद्याचं आवरण जाड झालं की टेंडन अडकत सरकतात आणि दुखतं. हा त्रास महिलांमध्ये जास्त दिसतो, त्यातही नव्या आयांमध्ये.

रील्सवर एक टेस्ट फिरते: अंगठा मुठीत धरायचा आणि मनगट करंगळीकडे वाकवायचं. पण अशाने निरोगी हातालाही थोडं दुखू शकतं. त्यामुळे तेवढ्यावरून निदान करू नका. अंगठ्याच्या सांध्याची झीजही जवळपास इथेच दुखते.

सुरुवातीचा उपाय साधा आहे. काही आठवडे अंगठ्यासकट मनगट स्थिर ठेवणारा पट्टा, म्हणजे 'थंब स्पायका', वापरायचा. मेडिकलमध्ये मिळणारा नुसता मनगटाचा पट्टा इथे पुरत नाही, कारण त्यात अंगठा मोकळाच राहतो. सोबत बर्फाचा शेक घ्यायचा आणि दुखवणारं काम कमी करायचं. बाळाला काखेत अंगठे रुतवून उचलण्याऐवजी तळवे खाली घालून उचलायचं. वेदनाशामक गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्या, विशेषतः गरोदर असाल, अंगावर पाजत असाल किंवा किडनीचा, अल्सरचा त्रास असेल तर. जोरजोरात चोळून घेणं टाळलेलंच बरं.

तरीही थांबलं नाही, तर बोगद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. नाव ऐकून अनेक जण घाबरतात, पण हे जिमवालं स्टेरॉइड नव्हे. बऱ्याच जणांना एक-दोन इंजेक्शनमध्ये आराम पडतो. मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढू शकते, म्हणून आधी सांगा. त्या जागी त्वचेचा रंग फिका पडू शकतो, हेही माहीत असू द्या.

कधीकधी बोगद्यात मध्ये पडदा असतो. मग औषध एकाच टेंडनपर्यंत पोहोचतं आणि इंजेक्शन 'फेल' गेल्यासारखं वाटतं.

ऑपरेशन शेवटी. जागा बधिर करून आवरण उघडतात आणि बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. मुख्य धोका शेजारच्या संवेदना-नसेला इजा होण्याचा. तसं झालं तर अंगठ्याच्या मागच्या बाजूला बधिरपणा राहू शकतो.

यासाठी अस्थिरोगतज्ज्ञाकडे किंवा हँड सर्जनकडे जायचं. खासगी परवडत नसेल तर ससूनमध्ये अस्थिरोग विभाग आहे. पडल्यावर दुखणं सुरू झालं असेल, किंवा मनगट लाल, गरम होऊन ताप असेल, तर पट्टा बांधून वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा.