‘अलबेला’ची तारीख

‘अलबेला’ चित्रपटातलं ‘शोला जो भडके’ ऐकताना हेच आपलं पहिलं रॉक अँड रोल, असं म्हणायचा मोह होतो. त्यात चित्रपटाचे नायक भगवानदादा पडले अमरावतीचे! भगवान आभाजी पालव, जन्म १९१३, वडील गिरणी कामगार. मुलगा मुंबईत मूकपटांच्या काळातच सिनेमात शिरला. वऱ्हाडच्या माणसाला हा मान मिळाला तर कोणाला नको आहे? पण तारखा आड येतात.

‘अलबेला’ १९५१ चा. ज्या तबकडीला पुष्कळ जण रॉक अँड रोलची पहिली तबकडी मानतात, ती ‘रॉकेट ८८’ त्याच वर्षी मार्चमध्ये मेम्फिसला ध्वनिमुद्रित झाली. बिल हेलीचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ १९५४ चं. म्हणजे ‘अलबेला’चे बोंगो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आले ते दुसऱ्या वाटेने: लॅटिन नाचगाणी, स्विंग आणि मुंबईच्या हॉटेलांत ते रोज वाजवणारे गोव्याचे वादक. संगीतकार सी. रामचंद्रांनी आदल्याच वर्षी, ‘समाधी’तल्या ‘गोरे गोरे’साठी, कार्मेन मिरांडाने ‘डॉल फेस’ या चित्रपटात गायलेल्या गाण्याची चाल घेतली होती. त्यांच्यासोबत ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट होता, म्हणजे हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ. ‘अलबेला’त तो आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतो; श्रेयनामावलीपेक्षा मला हा पुरावा पक्का वाटतो. पुरुष गायक म्हणून नाव आहे ‘चितळकर’. ते दुसरे कोणी नव्हेत, रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे संगीतकार स्वतःच.

खरं रॉक अँड रोल याच माणसाने केलं, पण १९५७ साली, ‘आशा’ चित्रपटात: ‘ईना मीना डीका’. तोवर हेलीच्या गाण्याच्याच नावाचा चित्रपट येऊन वर्ष झालं होतं. किशोरकुमारचं गाणं ऐका. शब्दांना अर्थ नाही, सगळा जोर ठोक्यावर. हा मान चितळकरांचा आणि त्यांच्या गोवेकर साथीदारांचा; भगवानदादांच्या पदरात तो टाकू नये.

मग दादांचं काय? त्यांचं कर्तृत्व कानाचं नाहीच, अंगाचं आहे. ‘अलबेला’चे निर्माते, दिग्दर्शक आणि नायकही तेच. गीता बालीच्या शेजारी हा जाडसर गडी उभा राहतो, कोपरात हात मुडपतो, खांदे हलवतो. पाय जमिनीवरून जेमतेम उचलतात. ना मुद्रा, ना तोडे. हे नाचायला तालीम लागत नाही, म्हणूनच ते टिकलं. अमिताभ बच्चनच्या नाचात ते ओळखू येतं.

दादांचे नंतरचे चित्रपट ‘झमेला’, ‘लाबेला’ काही ‘अलबेला’ झाले नाहीत. जुहूचा बंगला गेला, गाड्या गेल्या, मुक्काम दादरच्या चाळीत आला. पुढची कित्येक वर्षं दादा दुसऱ्यांच्या चित्रपटांत मिनिट-दोन मिनिटांच्या भूमिका करत राहिले, आणि त्यांतही बहुतेक वेळा मागणी असायची ती त्याच नाचाची. ४ फेब्रुवारी २००२ ला ते गेले.