उमेदवार, मायना आणि मराठी गद्य

पदवीच्या वर्गात व्यावहारिक मराठीचा पेपर आला, तेव्हापासून त्याच्याकडे पाहण्याची आपली नजर थोडी तिरकीच राहिली आहे. अर्ज, इतिवृत्त, टिपणी, कार्यालयीन पत्रव्यवहार हे सारे जणू साहित्याच्या ओसरीवर बसवून ठेवलेले पाहुणे. व्यापार आणि कचेरीकामाचे शिक्षण देणाऱ्या व्यवसाय अभ्यासक्रमांत नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी जे सांगतात (नोंदवही कशी ठेवावी, मसुदा कसा करावा, वरिष्ठांना काय म्हणून लिहावे), त्याचा वाङ्मयाशी काही संबंध असेल असे तर आपल्या मनातही येत नाही. परंतु महानुभावांचे गद्य बाजूला ठेवले, तर इंग्रजपूर्व मराठी गद्याचा फार मोठा भाग लिहिणारे हात कचेरीत तयार झाले होते. त्या हातांना पहिल्या दिवशी काय शिकवले जाई, हा म्हणून वाङ्मयेतिहासाचाही प्रश्न आहे.

कचेरीत नव्याने येणाऱ्या पोराला ‘उमेदवार’ म्हणत. फारसीतला हा शब्द. उमेद, म्हणजे आशा धरून बसलेला. निवडणुकीने त्याचा आजचा अर्थ फार पुढे नेला, पण मुळातला उमेदवार कुणा नातलग कारकुनाच्या शेजारी बसून, बहुधा बिनपगारी, नकला करी. तो येई तेव्हा पंतोजीकडची शिदोरी त्याच्यापाशी असे: धूळपाटीवर गिरवलेला ओनामा, आणि पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. साडेतीनाचा पाढा कशाला, असा प्रश्न आज पडतो. शेर-पायली आणि आणे-पैचा हिशेब तोंडी करणाऱ्याला तो पडत नव्हता.

त्याच्यासाठी मार्गदर्शक पोथ्याही होत्या. ‘मेस्तक’ या नावाने ओळखला जाणारा लेखनप्रकार परंपरा हेमाद्रीशी, म्हणजे हेमाडपंतांशी जोडते. तेराव्या शतकात यादवांच्या दरबारी तो श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख होता. कोणाला कोणता मायना लिहावा, लेखकाने कसे वागावे, दप्तर कसे राखावे, असा या पोथ्यांचा विषय. मोडी लिपी हेमाडपंतांनी लंकेहून आणली, ही दंतकथा सर्वांना ठाऊक आहे. ती खरी मानण्याचे कारण नाही. मात्र लिपीचे जनकत्व लोकांनी एखाद्या कवीला न देता दप्तराच्या प्रमुखाला दिले, यात त्यांची समज दिसते.

पुढे फारसीच्या सहवासात कचेरीची परिभाषा बदलली. चिटणीस, फडणीस, पोतनीस, सबनीस यांतला ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या आणि रघुनाथ पंडितांच्या नावावर असलेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त लेखनवर्ग म्हणून एक स्वतंत्र प्रकरण आहे. दौत-कलमांच्या जगातही संस्कृत प्रतिशब्द रुजवण्याचा तो प्रयत्न होता. राज्याने आपली ओळख सांगितली. फडावरचे कारकून मात्र रोजकीर्दीला रोजकीर्दच म्हणत राहिले. सरकारी कचेरीत आवक-जावक ‘बारनिशी’ आजही ऐकू येते. 1962 साली ‘पदनाम कोश’ निघाला आणि अत्र्यांनी त्याची ‘बदनाम कोश’ म्हणून टर उडवली, तेव्हा या जुन्याच झटापटीचा दुसरा प्रवेश सुरू झाला होता. असो.

उमेदवाराची खरी परीक्षा मायन्यात होती. ‘श्रियासह चिरंजीव’ कोणाला, ‘राजमान्य राजश्री’ कोणाला, ‘तीर्थरूप’ कोणाला, मजकुराला ‘विनंती विशेष’ने आरंभ करायचा, ‘विज्ञापना’ने की ‘आज्ञा केली ऐसी जे’ने, शेवटी ‘हे विनंती’ म्हणायचे की ‘जाणिजे’ म्हणून थांबायचे, आणि मोर्तब कुठे उमटायचे. पत्रातली बातमी अजून यायचीच असे, तोवर लिहिणारा आणि वाचणारा यांचे नाते ठरून गेलेले असे. आपण वर्गात ज्याला निवेदकाची भूमिका म्हणतो, तिचा हा रोजचा सराव होता.

बाळाजी आवजी चिटणीसांची आख्यायिका या संदर्भात आठवते. महाराजांनी सांगितलेले पत्र लिहायला वेळ झाला नाही, आणि वाचून दाखवायचा हुकूम होताच बाळाजींनी कोरा कागद हाती धरून सारे पत्र घडाघडा ‘वाचले’. खरेखोटे इतिहासकार पाहतील. मला तीत कारकुनी शिक्षणाचे मर्म दिसते: पत्राची घडण इतकी अंगात मुरलेली की कागद निमित्तमात्र. बखरींची भाषा वाचताना याच मुरलेपणाची खूण पटते. 1697 च्या सुमारास सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून बखर लिहिली ती विनंतीपत्राच्या थाटात. मल्हार रामराव चिटणीस तर बाळाजींच्याच घराण्यातले. छोटी वाक्ये, क्रियापदांची धावती साखळी, प्रसंगाला येताच अनपेक्षित रंगणारा सूर, हे गद्य दप्तरात मोठे झालेले आहे.

या शाळेचे दार मात्र अरुंद होते. ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळे व मोकळे असावे, पहिल्या अक्षरापासून ग्रंथाच्या शेवटापर्यंत वळण एकच राहावे, कागद झिजला तरी अक्षराला धक्का लागू नये म्हणून भोवती जागा सोडावी, तरुणपणी फार बारीक लिहू नये कारण म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही. मोडीच्या नव्हे, बाळबोध ग्रंथलेखनाच्या या सूचना. पण नवशिक्याला इतक्या आपुलकीने कामाशी ओळख करून देणारा मजकूर जुन्या मराठीत क्वचितच सापडेल. आणि तो उघडउघड ब्राह्मणाला उद्देशून आहे. कचेऱ्यांत ब्राह्मणांखेरीज प्रभूंसारख्या काही लेखक जातींचा शिरकाव होता. बाकीच्यांना आणि स्त्रियांना उमेदवारी नव्हती.

मायन्यातला शब्द किती जड होता, हे 1779 सालच्या एका हुकुमावरून कळते. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या कौन्सिलने सोनारांना ‘नमस्कार’ हा अभिवादनाचा शब्द वापरण्यास मनाई केली. नमस्कार ब्राह्मणांचा, इतरांना रामराम किंवा दंडवत, महारांना जोहार. आणि ही उतरंड मोडू नये म्हणून परक्या व्यापारी कंपनीनेही आपली मोहोर झिजवावी! जोतीराव फुल्यांनी ‘ब्राह्मणांचे कसब’मध्ये (1869) आणि नंतर ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुलकर्णी आणि कचेरीतले कारकून यांच्यावर जो प्रहार केला, त्याचे कारण या अरुंद दारात आहे. आपल्याच जमिनीचा कागद ज्याला वाचता येत नाही, त्याला मोडीचे लपेटीदार सौंदर्य काय कामाचे? दप्तराचे कौतुक करणाऱ्या आपल्यासारख्यांनी ‘असूड’ उशाशी ठेवूनच ते करावे.

विसाव्या शतकात टंकलेखनाच्या खाजगी वर्गांनी हे दार रुंद केले. वाङ्मयाच्या इतिहासात या वर्गांना एक ओळही मिळालेली नाही. तालुक्याच्या गावी एका खोलीत दहा-बारा यंत्रे खडखडत, आणि मिनिटाला तीस शब्दांची मराठीची परीक्षा देणाऱ्यांत कुळवाड्यांची, बलुतेदारांची, वस्तीतली मुले असत, मुलीही असत. यंत्राला लिहिणाऱ्याचे घराणे कळत नव्हते. आज यंत्रे गेली, त्यांच्या जागी संगणक आले.

याच काळात मायनाही सपाट झाला: प्रति, विषय, महोदय, आपला विश्वासू. तो इंग्रजी कार्यालयीन पत्राच्या वळणाने आला. जुन्या मायन्यांच्या नादमाधुर्यापुढे तो फारच कोरडा आहे, अशी तक्रार प्राध्यापकांच्या खोलीत वारंवार ऐकू येते. तक्रार भाषेपुरती खरी आहे. मात्र ज्याच्या पणजोबाला जोहार घालावा लागे, असा मुलगा पहिल्या तासाला जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे नमुना अर्ज लिहायला घेतो, आणि ‘महोदय’ लिहून स्वल्पविराम देऊन पुढच्या ओळीवर जातो.