मायफळ : एका गाठीचा इतिहास

बुलढाण्याजवळ, पैनगंगेच्या काठी वसलेले देऊळघाट हे आमचे आजोळ. तेथल्या घरात फडताळाच्या वरच्या खणात बाळगुटीचा डबा असे. वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ, बाळहिरडा, अतिविष, काकडशिंगी, मायफळ अशी ती मंडळी. घरात बाळंतीण आली की सहाण धुऊन निघे आणि आईच्या दुधात एकेका मुळीचे वळसे मोजून उगाळले जात. कोणाचा एक वळसा, कोणाचे दोन. मूल वाढेल तसे वळसेही वाढत. डब्यातले काही संपले तर बुलढाण्याच्या काष्ठौषधीच्या दुकानातून ते आणण्याचे काम आम्हां नातवंडांकडे येई. निघताना आजी बजावी, "मायफय पाहून घेजो बापा, भोकाचं आनू नोको." भोक असले तर काय बिघडते, हे आम्ही तेव्हा विचारले नाही. त्याचे उत्तर पुढे पुस्तकांत सापडले, आणि ते उत्तर आम्हांला थेट साहित्याच्या दारात घेऊन आले. प्रस्तुत लेखाचे निमित्त एवढेच.

मायफळ हे फळ नव्हे. पश्चिम आशियात, म्हणजे तुर्कस्तान, सीरिया, इराण या पट्ट्यात ओक वृक्षाची एक झुडुपी जात वाढते. त्या झुडुपाच्या कोवळ्या अंकुरात गांधीलमाशीच्या दूरच्या कुळातली एक इवलीशी माशी अंडे घालते. अंड्यातून अळी निघाली की तिच्या स्रावांमुळे झाडाची वाढ आपला नेहमीचा मार्ग सोडते आणि अळीभोवती एक गोल, कठीण गाठ तयार होते. आतला थर अळीचे अन्न. बाहेरचा थर इतका तुरट की सहसा कोणी तोंड लावू नये. हे घर झाडाच्याच द्रव्यातून झाडाच्याच पेशी उभे करतात. आराखडा मात्र परक्याचा असतो. अळीची माशी झाली की ती भिंत पोखरून उडून जाते. मागे राहते ते भोक.

बिनभोकाचे मायफळ म्हणजे माशी बाहेर पडण्यापूर्वीच खुडलेले. ते निळसर-काळपट, जड आणि अधिक तुरट. भोक पडलेले फिके, हलके आणि गुणाने उणे. या मालाचा व्यापार करणारे शतकानुशतके हीच प्रतवारी करीत आले आहेत. देऊळघाटच्या आमच्या आजीने ओकचे झाड कधी पाहिले नव्हते. प्रतवारी मात्र तिला ठाऊक होती.

त्याच डब्यातली काकडशिंगी ही दुसरी गाठ. नाव शिंगाचे, आकारही वाकड्या पोकळ शिंगाचा. परंतु वायव्य हिमालयातील पिस्त्याच्या कुळातल्या एका वृक्षावर मावा जातीच्या किडीने उभवलेले ते घर आहे. संस्कृतात ती कर्कटशृंगी. चरकसंहितेतील कासहर गणात 'शृंगी' येते ती हीच, असे मानतात. बाळहिरडा मात्र खरोखरीचे, झाडावरून कोवळेपणीच गळलेले फळ आहे. एक खरे फळ, एक खोटे फळ आणि एक खोटे शिंग अशी ही तिघे एकाच सहाणेवर उगाळली जात, आणि आजीच्या लेखी तिघांचा दर्जा सारखाच असे. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात गोंधळ दिसेल. आम्हांला तसे वाटत नाही. तिचे वर्गीकरण उत्पत्तीवरून नव्हते, गुणावरून होते. आणि गुणाने हिरडा व मायफळ ही खरोखरच सख्खी भावंडे आहेत, दोघांतही तुरट द्रव्य ठासून भरलेले आहे.

भाषेने गाठींना फळ म्हटले, शिंग म्हटले आणि आतल्या किड्याला नावात जागा दिली नाही. पण यावरून मराठी माणसाला गाठीतला जीव दिसलाच नाही, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घाईचा ठरेल. उंबराकडे पाहावे. ज्याला आपण उंबराचे फळ म्हणतो त्याच्या आत शेकडो फुले असतात. त्यांतल्या काहींत एक सूक्ष्म माशी अंडी घालते, त्या फुलांच्या गाठी होतात, त्यांत अळ्या वाढतात. बिनपंखी नर बाहेर पडण्याची वाट कोरून आतच मरतात. परागाने माखलेल्या माद्या त्या वाटेने उडून दुसऱ्या उंबराकडे जातात. माशीवाचून उंबराला बी नाही आणि उंबरावाचून माशीला घर नाही. हे सारे शास्त्र नंतरचे. मराठीत 'उंबर फोडून केंबरे काढणे' हा वाक्प्रचार त्याआधीपासून आहे : झाकलेले बरे ते उघडे करून दाखवणे, असा त्याचा अर्थ. 'उंबराचे फूल' म्हणजे क्वचित दिसणारा माणूस. एकच झाड, त्याचे फूल दिसत नाही हे एका प्रयोगाने नोंदवले आणि आत किडे आहेत हे दुसऱ्याने. या दोन निरीक्षणांची गाठ घालून 'किडे आहेत तेथेच फुले आहेत' असे म्हणणारा तिसरा वाक्प्रचार तेवढा घडला नाही. देऊळघाटला नदीकडे जाताना लागणाऱ्या उंबराच्या पानांवर आणखी एका किडीच्या फुगीर गाठी असत. त्या फोडणे हा आमचा खेळ होता, म्हणजे तो वाक्प्रचार आम्ही अक्षरशः आचरीत होतो.

युरोपातही हे कोडे सहज सुटले नाही. फ्रान्चेस्को रेडी या इटालियन पंडिताने १६६८ मध्ये सिद्ध केले की कुजक्या मांसात अळ्या आपोआप उपजत नाहीत, माश्यांनी घातलेल्या अंड्यांतून त्या येतात. मात्र गाठीतल्या किड्यांपाशी येताच हाच रेडी अडखळला. ते झाडाच्या प्राणशक्तीतूनच निर्माण होत असावेत, असे त्याने मानले. मार्चेल्लो मालपिगी याने १६७९ मध्ये वनस्पतींच्या शरीररचनेवरील आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात गाठींवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि अंडे घालणारी माशी दाखवून दिली. जाता जाता सांगायचे, तर मानवी लैंगिक वर्तनावरील १९४८ च्या ग्रंथामुळे जगभर गाजलेला आल्फ्रेड किन्से मूळचा या माश्यांचा अभ्यासक. त्यांच्या एका प्रजातीवरचा त्याचा जाडजूड ग्रंथ १९३० चा आहे. हजारो माश्या मोजून झाल्यावर त्याने माणसे मोजायला घेतली.

आता मूळ मुद्द्याकडे. मायफळाचे पाणी आणि हिराकस एकत्र आले की काळा रंग होतो. हिराकस म्हणजे लोहाचे क्षार. मायफळातले तुरट द्रव्य लोहाशी संयोग पावते आणि हवा लागताच गडद होत जाते. या मिश्रणात डिंक घातला की शाई झाली. मध्ययुगापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपचे जवळजवळ सारे लेखन या शाईने झाले. लिओनार्दोच्या वह्या, न्यूटनची टिपणे, चर्चमधील जन्ममृत्यूच्या नोंदी, खरेदीखते हे सारे एका माशीच्या घराचे ऋणी आहे.

महाराष्ट्रात याच काळ्या रंगाचा संसार वेगळा होता. मायफळ आणि हिराकस ही जोडी येथे दौतीत नव्हे, तर सवाष्णीच्या तोंडात होती. पूर्वी बायका दात काळे करण्यासाठी जे दातवण लावीत त्यात हीच द्रव्ये असत. दातवण हा शृंगार होता, हिरड्या आवळण्याचे औषध होते आणि सौभाग्याची खूणही होती. पांढरेशुभ्र दात हे सौंदर्याचे लक्षण ठरल्यानंतरच्या पिढ्यांना ते विचित्र वाटले आणि विसाव्या शतकात ते मागे पडत गेले. परंतु जिला अक्षर गिरवू दिले जात नव्हते, तिच्या दातांवर युरोपच्या दस्तऐवजांची शाई रोज चढत होती, ही गोष्ट आम्हांला अस्वस्थ करते. येथे रसायन ठाऊक नव्हते असे नाही. रंगारी हिरडा आणि लोखंड यांपासून कापडावर काळा रंग चढवीतच होते. ज्ञान होते, ते चुलीपाशी आणि रंगाऱ्याच्या हौदापाशी होते, लेखनिकाच्या बैठकीवर नव्हते. आमचे लेखनेतिहासकार लिपीचा, कागदाचा, छापखान्याचा विचार करतात. शाईचा क्वचित करतात, आणि दातवणाचा तर करीतच नाहीत.

बैठकीवर काजळाची शाई होती. दिव्याचे काजळ डिंकाच्या पाण्यात खलून ती करीत. मोडीची दप्तरे मुख्यत्वे याच शाईची. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेला वाहिला आहे. बोरू निवडावे कसे, मषीचा संग्रह करावा कसा, हे ते एखाद्या कारागिरासारखे सांगतात. त्यातली एक सूचना आमच्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे : भोवती मोकळी जागा सोडून मध्येच लिहावे, म्हणजे कागद कडेने झिजला तरी अक्षराला धक्का लागणार नाही. समर्थांच्या मनातला धोका बाहेरून येणारा आहे. हात लागतील, कडा झडतील. अक्षर मात्र मधोमध सुरक्षित राहील. काजळाच्या शाईपुरते हे अगदी खरे आहे, कारण काजळ म्हणजे निव्वळ कार्बन. तो कागदावर बसून राहतो, कागदाशी भांडत नाही.

मायफळाची शाई कागदावर बसत नाही, कागदात शिरते. तिच्यातले आम्ल आणि लोह कागदाचे तंतू खात राहतात. दमट हवेत हे लवकर होते, कोरड्या हवेत सावकाश. प्रथम अक्षराभोवती तपकिरी छाया येते, मग अक्षर पाठीमागे उमटते, आणि शेवटी जेथे शाई दाट होती तेथे कागदाला भोक पडते. समास शाबूत आणि अक्षर नाहीसे, अशी ती अवस्था. समर्थांच्या सूचनेचे हे नेमके उलटे टोक आहे.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवले. इंग्रजी अंमलाबरोबर कचेऱ्या आल्या आणि कचेऱ्यांबरोबर विलायती शाई आली. जुन्या कागदांच्या शोधात असताना एका दप्तरखान्यात आम्ही हे दोन काळ एकाच रुमालात बांधलेले पाहिले. मोडीचे कागद वाळवीने कुरतडलेले, एका बाजूला पाणी लागून अक्षर फिसकटलेले, पण उरलेले अक्षर काल लिहिल्यासारखे काळे. इंग्रजी कागद दिसायला धडधाकट. उजेडासमोर धरला तेव्हा सहीच्या जाड फराट्यांतून पलीकडची खिडकी दिसली. तेथल्या कारकुनाने सहजपणे सांगितले, "इंग्रजी कागद हात लावला की गळतात."

मग इतकी मारक शाई राज्यकर्त्यांनी का वापरली? उत्तर त्या मारकपणातच आहे. काजळाची शाई ओल्या फडक्याने पुसता येते. मायफळाची शाई कागदात मुरत असल्यामुळे पुसता येत नाही. खरवडली तर खूण राहते. दस्तात फेरफार होऊ नये म्हणून तर तिची निवड. रंग चढायला वेळ लागतो म्हणून तिच्यात पुढे निळा रंग मिसळू लागले. तीच ब्ल्यू-ब्लॅक शाई. जुन्या लेखनव्यवहाराचा भरवसा लिहिणाऱ्या घराण्यावर, साक्षीवर, मोर्तबावर होता. नव्या व्यवहाराने त्या भरवशाचा काही भाग रसायनाकडे सोपवला. जुना भरवसा निर्दोष होता असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. बनावट कागदांचे तंटे तेव्हाही होते, आणि कुळाला वाचता येत नाही एवढ्या एका आधारावर किती जमिनी फिरल्या असतील याचा हिशेब कोणत्याच शाईत नाही. तरीही वऱ्हाडच्या एकोणिसाव्या शतकाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांना आम्ही एवढे सुचवू : मोडी शिका, ते आवश्यकच आहे; पण छायाप्रती काढण्याची घाई करायची असेल तर ती आधी इंग्रजी कागदांची करा.

१९३१ मध्ये मुंबईत दांडेकरांच्या कारखान्यातून घोडाछाप शाईच्या पुड्या आणि वड्या निघू लागल्या आणि मराठी शाळेच्या दौतीत देशी शाई आली. कृत्रिम रंग आले तसे लेखनाला मायफळाचे काम उरले नाही. बाळगुटीत ते टिकून आहे. हल्ली गुटीच्या आयत्या पेट्या मिळतात आणि तान्ह्या बाळाला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये असे डॉक्टर सांगतात. ते मानावे हे उत्तम.

मागच्या खेपेस बुलढाण्याला गेलो तेव्हा जुन्या सवयीने पाच मायफळे विकत घेतली. दुकानदाराने न पाहता पुडी बांधली. घरी येऊन उघडली तर तिघांना भोके होती. उरलेल्या दोहोंपैकी एक अडकित्त्याने फोडले. मधोमध मोहरीच्या दाण्याहून थोडी मोठी पोकळी होती, आणि तिच्यात पंख मिटलेली, पार वाळलेली माशी.