१३९८ मधल्या ६२ टकरी

ज्युनिअर मुलं पीएचडीचा विषय विचारतात. ‘कणांच्या दुर्मिळ टकरी, मशीन लर्निंग वापरून’ असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: “म्हणजे एआय कण शोधून देतं का?” अशा वेळी मी सिंगल टॉपची गोष्ट सांगतो.

शिकागोजवळच्या फर्मिलॅबमध्ये टेव्हाट्रॉन नावाचा त्वरक होता. त्यात प्रोटॉन आणि अँटिप्रोटॉन एकमेकांवर आदळवत. तिथल्या सीडीएफ आणि डीझीरो या दोन प्रयोगांनी १९९५ मध्ये टॉप क्वार्क शोधला. (डीझीरोत मुंबईची टीआयएफआरही होती, हे आपल्याकडे फार कुणाला माहीत नसतं.) ते टॉप जोडीने तयार झालेले, प्रबळ बलातून. पण सिद्धांतानुसार दुर्बल बलातून टॉप एकटाही जन्माला यायला हवा होता, जोडीच्या साधारण निम्म्या प्रमाणात.

निम्मं म्हणजे फार कमी नाही ना? पण जोडीची खूण ठसठशीत असते. एकट्या टॉपची खूण म्हणजे एक लेप्टॉन, न्यूट्रिनोने पळवलेली ऊर्जा आणि दोन-तीन जेट. डब्ल्यू बोसॉनच्या नेहमीच्या टकरीही अगदी अशाच दिसतात. त्यात एकटा टॉप साधारण २० अब्ज टकरींत एकदा.

डीझीरोने २००६ पर्यंतच्या डेटातून चाळून चाळून १३९८ टकरी बाजूला काढल्या. त्यात सिंगल टॉपच्या अपेक्षित होत्या सुमारे ६२. बाकीच्या पार्श्वभूमीच्या, आणि त्या पार्श्वभूमीच्या अंदाजातली अनिश्चितताच ६२ पेक्षा मोठी! म्हणजे नुसतं मोजून काहीही सिद्ध होणार नव्हतं. तांदळातला खडा तांदळाच्याच रंगाचा असावा, तसं झालं.

मग त्यांनी ‘बूस्टेड डिसिजन ट्री’ वापरले. प्रत्येक टकरीच्या ४९ राशी घ्यायच्या: ऊर्जा, कोन, वस्तुमानं. ट्री एकेक प्रश्न विचारत जातो, ही ऊर्जा अमुकपेक्षा जास्त आहे का, वगैरे. शिकवण सिम्युलेशनवर होते. ज्या टकरी चुकीच्या गटात पडल्या त्यांचं वजन वाढवून पुढचा ट्री शिकवायचा. एकही राशी एकटीने निर्णायक नव्हती, सगळ्या मिळून थोडं थोडं सांगत होत्या. तसं हे तंत्र आभाळातून पडलं नव्हतं. न्यूरल नेटवर्क कणभौतिकीत वापरता येतील असं ब्रूस डेन्बी यांनी १९८८ मध्येच मांडलं होतं.

डिसेंबर २००६ मध्ये डीझीरोने ३.४ सिग्माचा पुरावा जाहीर केला. पण साधारण तेवढ्याच डेटावर सीडीएफचं चित्र गोंधळाचं होतं. त्यांच्या मॅट्रिक्स एलिमेंट पद्धतीला सिंगल टॉपची चाहूल लागली, तर न्यूरल नेटवर्क आणि लाइकलिहूड या दोन्ही पद्धतींना काहीच दिसलं नाही. टकरी त्याच, उत्तरं वेगळी. माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात शिकण्यासारखा प्रसंग हाच, पण सेमिनारमध्ये तो क्वचित ऐकू येतो. जे उत्तर आवडलं ते ठेवून बाकीची फायलीत टाकायची सोय तिथे नव्हती. सीडीएफने तिन्ही निकाल मांडले आणि आणखी डेटा जमवला.

डीझीरोचं कामही ट्रीवर थांबलं नव्हतं. बेजियन न्यूरल नेटवर्क आणि मॅट्रिक्स एलिमेंट या आणखी दोन पद्धती त्यांनी शेजारी चालवल्या. जिथे सिंगल टॉप जवळजवळ नसणार अशा डेटावर ट्री भलतंच काही ‘शोधत’ नाही ना, हे तपासलं. खोटे डेटासंच बनवून घातलेला आकडा परत मिळतो का, हेही पाहिलं. पेपर वाचताना मुलं हा भाग उडी मारून पुढे जातात. मीही जायचो.

मार्च २००९ मध्ये दोन्ही प्रयोगांनी ५ सिग्मा गाठले, म्हणजे नुसत्या योगायोगाची शक्यता साधारण ३५ लाखांत एक. डीझीरोचा काटछेद ३.९४ पिकोबार्न, सीडीएफचा २.३. त्याच वर्षी दोघांचा डेटा एकत्र करून आकडा आला २.७६, सिद्धांताच्या अंदाजाशी जुळणारा.