जुन्या शाळा-इमारतींची देखभाल आणि सरकारी निधी

महाराष्ट्रात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या दगडी भिंतींच्या, कौलारू छपरांच्या इमारतींत आजही अनेक ठिकाणी शाळा भरतात. त्यांच्या देखभालीसाठी सार्वजनिक पैसा दोन मार्गांनी येऊ शकतो. एक शाळा म्हणून शिक्षण खात्याकडून, दुसरा वास्तू म्हणून पुरातत्त्व व वारसा यंत्रणेकडून. मात्र दोन्हींचे निकष निराळे असल्याने बहुतेक जुन्या शाळा या दोहोंच्या मधोमध अडकतात.

शिक्षण खात्याचे अनुदान

सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक-शिक्षण योजना एकत्र करून केंद्राने २०१८ मध्ये ‘समग्र शिक्षा’ सुरू केली. महाराष्ट्रासारख्या राज्यांत तिचा खर्च केंद्र व राज्य ६०:४० या प्रमाणात उचलतात. योजनेच्या २०२१-२६ या टप्प्यातील निकषांनुसार सरकारी शाळेला पटसंख्या पाहून वर्षाला १० हजार ते १ लाख रुपये संयुक्त अनुदान ठरविण्यात आले. वीजबिल, शैक्षणिक साहित्य, स्वच्छता आणि किरकोळ दुरुस्ती, सारे त्यातच भागवायचे. या हिशेबात विद्यार्थी मोजले जातात, इमारतीचे वय नव्हे. साहजिकच पट घटलेल्या गावातील जुन्या, विस्तीर्ण इमारतीला सर्वांत कमी रक्कम मिळते.

वारसा यादीचा उपयोग

१९५८ चा केंद्रीय आणि १९६० चा राज्याचा पुरातत्त्व कायदा संरक्षित स्मारकांना लागू होतो. नांदत्या शाळा त्या यादीत क्वचितच असतात. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली लागू झाली आणि इमारतींना तीन श्रेणी देण्यात आल्या. श्रेणीमुळे फेरबदलांवर बंधने येतात, पण दुरुस्तीचा खर्च मुख्यतः मालकावरच राहतो. बुडालेल्या बांधकाम हक्कांच्या भरपाईपोटी हस्तांतरणीय विकास हक्कांची तरतूद आहे; परंतु त्यांना मोल येते ते जमिनीचे भाव चढे असलेल्या महानगरात. तालुक्याच्या गावी हा उपाय फारसा कामाचा नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार उद्योगांना सामाजिक दायित्वाचा निधी शिक्षणावर तसेच ऐतिहासिक वास्तूंच्या जीर्णोद्धारावर खर्च करता येतो. तो मिळणे मात्र देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते.

दुरुस्ती लांबली की

जुन्या इमारतीचा ऱ्हास बहुधा छपरापासून सुरू होतो. फुटलेल्या कौलांतून पाणी झिरपते, वासे कुजतात, भिंती ओल धरतात. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविला की ओल आतच कोंडते. स्वस्त दुरुस्ती अशी महागात पडते. शेवटी इमारत धोकादायक ठरते आणि ती पाडणे अपरिहार्य होते. राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी येथे २५ जुलै २०२५ रोजी सरकारी शाळेचा भाग कोसळून सात मुले दगावली. मुलांच्या जिवापुढे वारशाचा युक्तिवाद टिकत नाही. म्हणूनच देखभाल वेळेवर होणे महत्त्वाचे.

भिडेवाड्याचा धडा

जोतिराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्याच्या ज्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली, तो खासगी मालकीचा होता. न्यायालयीन वाद मिटेपर्यंत वाडा मोडकळीस आला. डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेने ताबा घेऊन तो पाडला. सप्टेंबर २०२४ मध्ये तेथे स्मारकाची पायाभरणी झाली. सार्वजनिक पैसा आला, परंतु मूळ वास्तू गेल्यावर.

ज्या जुन्या शाळा अद्याप उभ्या आहेत, त्यांच्यासाठी पटसंख्येशी न जोडलेले स्वतंत्र लेखाशीर्ष आणि दर पावसाळ्यापूर्वी छपराची तपासणी, एवढी तरतूदही मोलाची ठरेल.